मुंबई ते नागपूर : अंतर नेमके किती, आणि विमानाला दीड तास का लागतो?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा नागपूरला धरमपेठेत राहतात आणि मी दादरला. मागच्या वर्षी बाबांची बायपास शस्त्रक्रिया मुंबईत झाली, त्यामुळे आता दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी त्यांना इकडे आणावे लागते. आईचे गुडघे दुखतात, तिला फार वेळ एका जागी बसवत नाही. या सगळ्या ये-जा करण्याचे नियोजन माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात कागद घेऊन बसले, तर आकड्यांचाच मेळ लागेना.

एका संकेतस्थळावर दोन शहरांमधले हवाई अंतर ६८३ कि.मी. आहे, दुसऱ्यावर ६९८. रेल्वेच्या वेळापत्रकात ८३७ कि.मी. लिहिले आहे आणि समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी.चा आहे असे सगळे सांगतात. वेळेचेही तसेच. एके ठिकाणी विमानप्रवासाचा वेळ ‘५५ मिनिटे’ दिला आहे, तर हातातल्या तिकिटावर १ तास ३५ मिनिटे छापलेली आहेत. चाळीस मिनिटांचा फरक माझ्यासारखीला चालून जाईल, पण बाबांच्या गोळ्यांच्या वेळा आणि आईचे बसणे यांचा हिशेब करायचा असेल तर खरा आकडा हवा. यांतला बरोबर कोणता आणि बाकीचे चूक का, हे कुणी जाणकार सविस्तर सांगू शकेल का?

कोनमापक

वैनगंगाताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांत चूक एकही नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या दोन बिंदूंमधला आहे, आणि ते बिंदू कोणते हे सांगण्याची तसदी संकेतस्थळे घेत नाहीत.

मुंबई विमानतळ साधारण १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे आपले सोनेगाव, २१.०९ आणि ७९.०५ वर आहे. अक्षांशांतला फरक २ अंश आणि रेखांशांतला ६.१८ अंश. अक्षांशाचा एक अंश आपल्या भागात ११०.७ कि.मी. भरतो. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून विसाव्या अक्षांशावर त्यांचा एक अंश १०४.६ कि.मी.चाच उरतो. म्हणजे आपण उत्तरेकडे २२१ कि.मी. आणि पूर्वेकडे ६४६ कि.मी. सरकतो. शाळेत शिकलेला पायथागोरस लावला की कर्ण येतो ६८३ कि.मी. पृथ्वी गोल असली तरी इतक्या अंतराला ही रीत पुरेशी अचूक आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावरच्या रेषेपेक्षा मध्यावर सुमारे ३ कि.मी. उत्तरेकडे झुकतो, पण एकूण लांबीत त्यामुळे शंभर मीटरचाही फरक पडत नाही.

आता हाच हिशेब छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर जंक्शन असा करा. सीएसएमटी मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे आणि नागपूरचे स्थानक विमानतळाच्या ईशान्येला, त्यामुळे दोन्हीकडून अंतर वाढते आणि उत्तर येते ६९८. तुमचे दोन आकडे इथून आले. उद्या तुम्ही पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून निघालात तर तीच रेषा सुमारे ६६७ कि.मी. भरेल. मुंबई एकच, पण तिच्यातल्या कोणत्या जागेपासून मोजायचे यावर तीस कि.मी.चा फरक पडतो.

बडनेरा_जंक्शन

रेल्वेच्या ८३७ बद्दल मी लिहितो, कारण माझी सारी नोकरी याच मार्गावर झाली.

रुळाला सरळ रेषेत जाता येत नाही, त्याला चढ आणि नद्या पाहून जावे लागते. कल्याणहून निघालेली गाडी कसाऱ्याला सह्याद्रीच्या पायथ्याशी येते आणि पुढे इगतपुरीपर्यंतचा थळ घाट ३७ ला १ अशा चढाने चढते. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, हा रेल्वेच्या दृष्टीने फार मोठा चढ आहे, म्हणून तिथे गाडीला मागून जोर देणारी बँकर इंजिने लावावी लागतात. घाट चढून गेल्यावर मार्ग नाशिक, मनमाड करत ईशान्येला तापीच्या खोऱ्यात उतरतो. भुसावळ जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावर आहे. याचा अर्थ असा, की मुंबई-नागपूरमधले उत्तर-दक्षिण अंतर गाडी भुसावळलाच संपवते, आणि तरीही तिथून ती सरळ पूर्वेला न जाता अकोला, बडनेरा, वर्धा अशी आधी दक्षिणेला वाकून पुन्हा वर येते. सरळ रेषेपेक्षा वीस टक्के जास्त अंतर पडते ते या वळणांमुळे.

हा मार्ग उगीच लांबवलेला नाही, एवढे मात्र सांगायला हवे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, आणि तिला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा होता. जिथे कापूस पिकत होता तिथून रूळ गेले. आजही अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव इथल्या माणसाला मुंबईची गाडी मिळते ती त्या वळणामुळेच. विमानाची सरळ रेषा या गावांच्या काही कामाची नाही.

दुरंतो हे अंतर रात्रीत सुमारे ११ तासांत कापते, तर विदर्भ एक्स्प्रेसला थांबे जास्त असल्यामुळे त्याहून दोन-तीन तास अधिक लागतात.

पश्चिमवारा

वेळेचा भाग माझ्याकडे. मी उड्डाणांच्या नियोजनाचे काम करतो, त्यामुळे ‘५५ मिनिटे की दीड तास’ हा प्रश्न मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात.

तुमच्या संकेतस्थळाने बहुधा ६८३ कि.मी.ला ताशी ८००-८५० कि.मी.ने भागून वर पाच-सात मिनिटे टाकली असावीत. आपल्याकडे या मार्गावर असणारी एअरबस ३२० कुळातली विमाने उंचीवर गेल्यावर साधारण त्याच वेगाने जातात, हे खरे आहे. पण तो वेग त्यांना प्रवासाच्या मधल्या भागातच मिळतो. ३३-३५ हजार फुटांवर पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात, आणि खाली उतरायची तयारी मुक्कामाच्या २०० कि.मी. आधीच सुरू होते. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर मर्यादा असते, विमानतळाजवळ ती आणखी कमी होते. एवढ्या छोट्या मार्गावर चढण आणि उतरण वजा केली तर पूर्ण वेगाने जाण्याचा भाग जेमतेम निम्मा उरतो. म्हणून चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ ५५ मिनिटे क्वचितच असतो, बहुतेकदा तो एक तास पाच ते सव्वा तास भरतो.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. निघताना चाकांखालचे अडसर काढून विमान गेटपासून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून, दुसऱ्या टोकाला गेटवर उभे राहून अडसर पुन्हा लागेपर्यंत तो मोजतात. मुंबईत गेटपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे आणि तिथे आपली पाळी येणे यातच दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. नागपूरला हे काम पाच-सहा मिनिटांचे असते.

मुंबईचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. दिवसभर त्या एका पट्टीवर विमाने उतरतात आणि उडतात. समुद्रावरून येणारा वारा बहुतेक काळ पश्चिमेचा असल्यामुळे उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून होते. म्हणजे नागपूरला, पूर्वेला, जाणारे विमान आधी समुद्राकडे जाते आणि मग वळसा घालून मागे फिरते. या वळशात आणि नागपूरजवळच्या वळणांत मिळून सरळ रेषेपेक्षा चाळीस-पन्नास कि.मी. जास्त उडणे होते. उलट नागपूरहून येणारे विमान पूर्वेकडूनच येते आणि पश्चिमेकडे तोंड करून सरळ उतरू शकते, हा फायदा आहे. पण उतरणाऱ्या विमानांची रांग मोठी असेल तर तो फायदा रांगेतच जातो, आणि एखाद्या निश्चित ठिकाणावर घिरट्या घालत थांबावे लागते.

आता वाऱ्याकडे येतो, कारण जाता-येतानाच्या वेळेतला फरक त्याच्यामुळे पडतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, बारा कि.मी. उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिशय वेगवान वारा असतो. आपण त्याच्या मुख्य पट्ट्याच्या दक्षिणेला आहोत, तरी जानेवारीत महाराष्ट्रावर विमानाच्या उंचीवर ताशी ८०-१०० कि.मी.चा पश्चिम वारा ही नेहमीची गोष्ट आहे. जाताना तो पाठीशी असतो आणि येताना तोंडावर. मधल्या सपाट उड्डाणाच्या सुमारे ३५० कि.मी.साठी हिशेब केला, तर नुसत्या वाऱ्यामुळे नागपूरहून येणाऱ्या विमानाला पाच-सहा मिनिटे जास्त लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र उलटते. त्या उंचीवर पूर्वेचा वारा सुरू होतो, मात्र त्याचा जोर कमी असल्यामुळे फरक दोन-चार मिनिटांचाच असतो. जमिनीवर नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणत असताना दहा कि.मी. वर वारा बरोबर उलट दिशेने वाहत असतो, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही विलक्षण वाटते.

वैनगंगा

पश्चिमवारा, इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक शंका राहते. कधी कधी विमान अर्धा तास उशिरा सुटते आणि तरीही वेळेवर पोचते. वैमानिक वेग वाढवतो का?

पश्चिमवारा

थोडासा वाढवतो, पण त्यातून मिळते ती दोन-तीन मिनिटे. बाकीचा वेळ वेळापत्रकातच आधी राखून ठेवलेला असतो. मुंबईत किती थांबावे लागेल याचा मागच्या हंगामांचा अनुभव पाहून कंपन्या ब्लॉक टाइम ठरवतात, म्हणून त्याच मार्गावर सकाळच्या आणि रात्रीच्या विमानांचे छापील वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वेगळे दिसतात. ज्या दिवशी रांग नसते त्या दिवशी राखलेला वेळ उरतो आणि विमान ‘लवकर’ पोचते. यात प्रवाशाची फसवणूक आहे असे काहींना वाटते, पण मला तसे वाटत नाही. पुढची गाडी किंवा डॉक्टरांची वेळ गाठायची असणाऱ्या माणसाला ५५ मिनिटे सांगून सव्वा तासाने उतरवणे जास्त वाईट.

एक गोष्ट नियोजनासाठी लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुंबईच्या धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास पूर्ण बंद ठेवतात. त्या तारखा आधी जाहीर होतात, त्या टाळून तिकीट काढा. आणि मे महिन्यात नागपूरचे दुपारचे विमान शक्यतो नको. पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला धावपट्टीवर जास्त धावावे लागते. विमान सुरक्षितच असते, पण कधी वजनाची मर्यादा येते, आणि तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेने खालच्या थरात बरेच हेलकावे बसतात. हृदयाच्या रुग्णाला सकाळचे विमान बरे.

काळी_माती

समृद्धीचा आकडा मी मांडतो. माझे गाव वाशिम जिल्ह्यात, आणि काम भिवंडीत, त्यामुळे हा रस्ता महिन्यातून दोनदा होतो.

७०१ कि.मी. हे अंतर मुंबई ते नागपूर नाही, ही गोष्ट लोक विसरतात. ते भिवंडीजवळच्या आमणे गावापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० कि.मी.चा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, मग भरवीर आणि इगतपुरीपर्यंतचे तुकडे जोडले गेले आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ कि.मी.चा भाग ५ जून २०२५ ला खुला झाला. त्या शेवटच्या भागात सह्याद्रीच्या पोटातून जवळपास ८ कि.मी.चा जोडबोगदा आहे. बडनेरा_जंक्शन यांनी लिहिलेला घाट गाडी जिथे बँकर लावून चढते, त्याच डोंगरातून आता मोटार काही मिनिटांत पलीकडे जाते.

मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० ची आहे, म्हणून कागदावर सहा तासांच्या आसपास वेळ येतो. सांगितले जातात आठ तास, आणि मला स्वतःला विश्रांतीसह साडेआठ-नऊ लागतात. त्यापुढे आमणे ते दादर हे चाळीस-पन्नास कि.मी. आणि त्यासाठी किमान दीड तास धरा. ताई, बाबांना घेऊन या रस्त्याने एका दमात येऊ नका, असे मी हक्काने सांगेन. रस्ता उत्तम आहे, पण सरळ आणि एकसुरी आहे, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येते. उन्हाळ्यात निघण्याआधी टायरांची अवस्था आणि हवा तपासल्याशिवाय तर मुळीच निघू नये. आलात तरी दर दोन तासांनी थांबा.

कोनमापक

काळी_माती यांच्या मुद्द्याला एक जोड. आमणे ते शिवमडका सरळ रेषेतले अंतर सुमारे ६४० कि.मी. येते. त्यावर ७०१ म्हणजे जेमतेम दहा टक्के जास्त. दहा जिल्ह्यांतून जाणारा रस्ता विमानाच्या रेषेच्या इतक्या जवळ असणे मला फार उल्लेखनीय वाटते. नाशिक-धुळ्यावरून जाणारा जुना रस्ता ८०० कि.मी.च्या पुढेच जायचा.

सीताबर्डी

या चर्चेत नागपुरातल्या झीरो माइल स्तंभाचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. नागपूर हा भारताचा मध्य आहे आणि सगळी अंतरे इथूनच मोजतात, मग मुंबई-नागपूर अंतर त्या स्तंभावरच कोरलेले असेल.

कोनमापक

सीताबर्डी, तो स्तंभ मलाही प्रिय आहे, पण त्यावर मुंबई नाही. षटकोनी पायथ्यावर आहेत ती हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, चांदा १२५ मैल, बैतुल १०१ मैल, छिंदवाडा ८३ मैल, शिवनी ७९ मैल अशी आसपासच्या ठिकाणांची अंतरे. हा दगड भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे आणि त्याचे मुख्य काम समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करण्याचे होते. देशातली सगळी अंतरे तिथून मोजतात ही समजूत खरी नाही. पण नागपूर मध्यावर असण्याचा उपयोग एकदा खरोखर झाला होता, आणि तोही विमानांसाठी. त्याबद्दल रात्रपाळी यांनी पूर्वी एका चर्चेत लिहिले होते. त्यांनी इथेही लिहावे अशी विनंती.

रात्रपाळी

आवर्जून लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या टपाल खात्यात होत्या आणि ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीच्या विमानातल्या मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या मुंबईच्या विमानात, अशी. मग प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परतायचे आणि पहाटेपर्यंत पोचायचे. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जायचे.

कोनमापक यांच्या रीतीने मी अंतरे काढून पाहिली. नागपूरपासून मुंबई ६८३ कि.मी., दिल्ली सुमारे ८५०, मद्रास सुमारे ९०० आणि कलकत्ता सुमारे ९८५. मुंबई थोडी जवळ पडते, पण चारही अंतरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की चारही विमाने एका रात्रीत येऊन परत जाऊ शकतात असे दुसरे मोठे शहर सापडणे कठीण. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० कि.मी.च्या आसपास होता. म्हणजे मुंबई-नागपूर अडीच तास, आणि कलकत्ता-नागपूर साडेतीन तासांहून अधिक. आज ज्या मार्गाला दीड तास का लागतो असे आपण विचारतो आहोत, त्याच मार्गावर माणसे रात्रीच्या अंधारात, आजच्यासारखी साधने नसताना, पावसाळ्यातसुद्धा पत्रांसाठी उडत होती. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

बडनेरा_जंक्शन

तारखांबद्दल एक सूचना राहून गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या मार्गावरचे नियोजन वेगळे करावे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भातून लाखो माणसे दादरला चैत्यभूमीवर येतात आणि मध्य रेल्वे नागपूरहून खास गाड्या सोडते. नोकरीत असताना त्या रात्री मी अनेकदा फलाटावर उभा होतो. म्हातारी माणसे, कडेवर मुले, हातात भाकरीची पुरचुंडी, आणि ८३७ कि.मी. उभ्याने येण्याची तयारी. त्यांच्यासाठी अंतराचा प्रश्न कधीच नव्हता. त्या दिवसांत नेहमीच्या गाड्यांतही आरक्षित जागेपर्यंत पोचणे आजारी माणसाला जड जाते, म्हणून तुमची तारीख पुढे-मागे करा. शिवाय त्याच महिन्यात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा विमानाची तिकिटेही महागतात.

शुश्रूषा

मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून वैनगंगाताईंच्या मूळ अडचणीकडे वळते. रुग्णासाठी घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा वेळ धरायचा असतो, आणि तो असा निघतो. धरमपेठेतून सोनेगावला वीस-पंचवीस मिनिटे. चाकाची खुर्ची हवी असल्यामुळे दोन तास आधी पोचणे चांगले. बहुतेक विमान कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटे आधी सामान घेणे बंद करतात आणि खुर्ची घेऊन येणाऱ्या सहायकाची वाट पाहण्यात पंधरा मिनिटे जाऊ शकतात. मग तिकिटावरचे १ तास ३५ मिनिटे. खुर्चीच्या प्रवाशांना शेवटी उतरवतात, त्यानंतर सामान, म्हणजे आणखी अर्धा तास. मुंबई विमानतळ ते दादर पाऊण तास ते एक तास. सगळे मिळून साडेपाच तासांच्या आसपास. यात सलग बसणे सर्वांत जास्त विमानातच होते, आणि तेही दीड तासाचे, ही आईंसाठी जमेची बाजू.

दुरंतोने दोन्ही टोकांचा वेळ धरून साडेबारा तास लागतील, पण त्यातले आठ तास आडवे पडून जातात. ज्यांना झोप लागते त्यांच्यासाठी ही गाडी विमानापेक्षा कमी थकवणारी ठरते. तुमच्या बाबांना गाडीत झोप लागते का, हे आधी पाहा. खालचा बर्थ मिळाला नाही तर मात्र गाडीचा विचार सोडून द्या.

विमानाने जाणार असाल तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची नोंदवा, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि प्रवास करायला हरकत नाही असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्या रांगांतली मार्गिकेलगतची जागा आईंना द्या, म्हणजे पाय लांब करता येतील.

मिनिटांचे महत्त्व आम्हाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. दात्याचे हृदय काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत ते दुसऱ्या शरीरात सुरू व्हावे लागते. नागपूर ते मुंबई असा प्रवास असेल तर हवेतला सव्वा तास कमी करता येत नाही, म्हणून दोन्ही शहरांत पोलीस रस्ते मोकळे करून देतात आणि जमिनीवरची मिनिटे वाचवतात. पश्चिमवारा यांनी सांगितलेली ती रांग अशा विमानाला लावावी लागत नाही.

वैनगंगा

तुम्हा सर्वांचे किती आभार मानू? बाबांना गाडीत झोप लागत नाही, त्यामुळे विमानच ठरवते आहे, आणि तेही सकाळचे. एक शेवटची विचारणा कोनमापक यांना. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची उमेदीची वर्षे पैठणला जायकवाडीच्या कामावर गेली. विमानाच्या सरळ रेषेत ते येते का? त्यांना खिडकीतून दाखवता आले तर फार बरे वाटेल.

कोनमापक

ताई, हा प्रश्न आल्यावर मी नकाशा आणि पट्टी घेऊन बसलो. प्रत्यक्षात विमान नेमून दिलेल्या मार्गबिंदूंवरून जाते, त्यामुळे काही कि.मी. इकडे-तिकडे होईल, हे आधी सांगतो. मुंबईहून निघालेली रेषा सह्याद्री ओलांडते ती हरिश्चंद्रगडाजवळ. शिर्डी तिच्या उत्तरेला पंधरा-सोळा कि.मी.वर राहते. मग ती छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. पुढे लोणारचे विवर तिच्या दक्षिणेला सुमारे तीस कि.मी.वर, आणि शेवटी वर्धाही दक्षिणेलाच वीसेक कि.मी.वर.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, या रेषेच्या दक्षिणेला पंचवीस ते चाळीस कि.मी.च्या पट्ट्यात पसरलेला आहे. हा जलाशय सुमारे ५५ कि.मी. लांब आणि २७ कि.मी.पर्यंत रुंद आहे, आणि तुम्ही दहा कि.मी. उंचीवर असाल. हवा स्वच्छ असेल तर तो दिसलाच पाहिजे. नागपूरहून मुंबईला येताना दक्षिण डाव्या हाताला असते, म्हणून बाबांना डावीकडची खिडकी घ्या, पंखावरची रांग सोडून. सुटल्यापासून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांनी बाहेर पाहायला सुरुवात करा. त्याच्याही नऊ-दहा मिनिटे आधी लोणार डावीकडेच येते. ते लहान आहे, पण गोल असल्यामुळे ओळखू येते.

वैनगंगा

काल आईबाबांना घेऊन आले, म्हणून इथे नोंद करते. विमान गेटपासून ९ वाजून १० मिनिटांनी हलले, चाके ९ वाजून १९ मिनिटांनी उचलली गेली, मुंबईत १० वाजून ३१ मिनिटांनी टेकली आणि गेटवर १० वाजून ४२ मिनिटांनी उभे राहिलो. हवेत १ तास १२ मिनिटे, गेट ते गेट १ तास ३२ मिनिटे. धरमपेठेच्या दारापासून दादरच्या दारापर्यंत ५ तास २० मिनिटे लागली. आईला चालताना त्रास झाला नाही.

लोणारवर ढग होते. नाथसागर दिसला. आधी बाबांना तो ढगाचा पट्टाच वाटला, मग त्यांनी काचेला कपाळ लावून बराच वेळ पाहिले आणि धरणाची भिंत कोणत्या बाजूला, कालवे कुठून निघतात, हे मला बोटाने दाखवले. १९६५ मध्ये पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांत ते तिथे होते. पाणी खिडकीतून नाहीसे व्हायला सुमारे चार मिनिटे लागली, ती मी घड्याळात पाहिली. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, तेव्हाही डावीकडचीच खिडकी घेणार आहे.